विहीर, तक्ता आणि काळी प्लेट: पुण्यातल्या जीबीएस साथीचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे एकाच तऱ्हेचे रुग्ण येऊ लागले. आधी पोट बिघडलेलं, दोन-चार दिवसांत बरंही झालेलं. मग आठ-पंधरा दिवसांनी तळपायांना मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणं, हातातून कप निसटणं. काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायूही दमले आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. निदान होतं गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. आजार डॉक्टरांच्या ओळखीचाच, पण पत्त्यांचा रकाना पाहून सगळे चमकले: नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, नांदोशी. सगळा सिंहगड रोडचा पट्टा.

महिना संपता संपता आकडा शंभरापुढे गेला. फेब्रुवारीअखेर संशयित रुग्ण दोनशेच्या वर होते, काही जण दगावलेही होते. राज्याचं शीघ्र प्रतिसाद पथक आलं, केंद्राचं पथक आलं, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत म्हणजे एनआयव्हीत शौचाचे नमुने तपासले गेले. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला, काहींत नोरोव्हायरस.

मी जिवाणूजन्य आजारांच्या साथरोगशास्त्रात काम करते आणि एमडीच्या विद्यार्थ्यांना शिकवते. या साथीच्या अधिकृत तपासात मी नव्हते. तरी वर्गात आता प्रकरण म्हणून मी हीच साथ घेते, कारण आमच्या कामातले जवळजवळ सगळे पेच तिच्यात एकत्र आले आहेत. मला त्यातून एकच गोष्ट ठासून सांगायची असते. जिवाणूच्या साथीत प्रयोगशाळेचं उत्तर उशिरा येतं आणि बहुधा अर्धवट येतं. ते पुरं मिळायला हवं असेल तर साथ येण्याआधीची वर्षं त्यावर खर्ची घालावी लागतात. जिवाणूंवर काम करणाऱ्या साथरोगतज्ज्ञाची कारकीर्द बव्हंशी त्या आधीच्या वर्षांतच घडते.

दोनशे म्हणजे किती?

पहिला प्रश्न कुणालाही सुचेल असा, पण त्याचं उत्तर द्यायला तयारी लागते. जीबीएस जगभर सगळीकडे होतोच. ढोबळ हिशेब असा की एक लाख लोकांत वर्षाला एक किंवा दोन. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या आसपास होती. म्हणजे काहीही वेगळं घडलं नाही तरी जिल्ह्यात वर्षाकाठी शंभर ते दोनशे रुग्ण होणारच. त्यांतले बरेच शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत येतात, कारण इम्युनोग्लोब्युलिन हे जीबीएसवरचं औषध आणि व्हेंटिलेटर तिथेच असतात.

त्यामुळे दोनशे या आकड्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. तो दीड-दोन महिन्यांत गाठला गेला, याला आहे. आणि त्याहून मोठा अर्थ पत्त्यांना आहे. लाखभर वस्तीच्या पट्ट्यात वर्षाला एखाद-दुसरा रुग्ण अपेक्षित असताना काही आठवड्यांत डझनांनी सापडतात, तेव्हा योगायोगाची शक्यता बाजूला ठेवावी लागते. व्यक्ती, स्थळ आणि काळ हे तीन रकाने आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. मुलांना ते फार प्राथमिक वाटतात. सिंहगड रोडच्या बाबतीत जिवाणूचं नाव कळण्याआधी, केवळ या तीन रकान्यांच्या आधारावर, पाण्याकडे बोट दाखवता येत होतं.

साथीची बातमी झाली की आणखी एक गोष्ट घडते. एरवी ज्याला ‘अशक्तपणा’ म्हणून सलाइन लावून घरी पाठवलं असतं, त्याचीही आता नसांची तपासणी होते. शोधणारे वाढले की सापडणारेही वाढतात. म्हणून व्याख्या घट्ट हवी. जीबीएससाठी ब्राइटन निकष आहेत: दोन्ही बाजूंना आलेली शिथिल कमजोरी, मंदावलेले किंवा गेलेले प्रतिक्षेप, नसांच्या वहनाचा अहवाल, आणि पाठीतल्या पाण्यात पेशी कमी पण प्रथिनं जास्त. यांतलं किती हाती आहे त्यावर निदानाची खात्री किती ते ठरतं. संशयित आणि निश्चित असे दोन आकडे रोज वेगळे दिले जात होते ते याचसाठी, आणि ते योग्यच होतं.

हजारात एक

आता सगळ्यात अवघड जागा. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्यांची एक रचना असते. काही वाणांमध्ये ती आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या घटकांशी हुबेहूब जुळते. जिवाणूशी लढायला शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि तीच नसांवर उलटतात. जिवाणू तोवर आतड्यातून बहुधा निघूनही गेलेला असतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या जिवाणूचा आणि जीबीएसचा संबंध पहिल्यांदा नोंदवला गेला. १९९० च्या सुमारास उत्तर चीनच्या खेड्यांत दर उन्हाळ्यात मुलांना होणाऱ्या पक्षाघाताच्या अभ्यासातून तो पक्का झाला.

पण कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या प्रत्येकाला जीबीएस होत नाही. सर्वसाधारण अंदाज हजारात एक, काही अभ्यासांत त्याहूनही कमी. मग गणित मांडून पाहा. एका पट्ट्यातले शंभर रुग्ण या जिवाणूमुळे झाले असं धरलं, तर मागे लाखभर संसर्ग झालेले असायला हवेत. म्हणजे त्या भागातलं जवळजवळ प्रत्येक घर डिसेंबर-जानेवारीत पोट धरून बसलेलं असायला हवं होतं. तसं झालं होतं का?

वर्गात हा प्रश्न टाकला की मुलं चटकन म्हणतात, “मॅडम, मग जिवाणू तो नसेलच.” तसं म्हणायची घाई नको. तीन-चार वाटा संभवतात आणि प्रत्येकीची पडताळणी वेगळी आहे. एक, वाणच जास्त घातक असेल. सगळे कॅम्पिलोबॅक्टर सारखे नसतात. पेरूमध्ये २०१९ साली जीबीएसची मोठी साथ आली, तेव्हा रुग्णांकडून मिळालेले जिवाणू एकाच जनुकीय वंशाचे निघाले होते. अशा वाणाच्या बाबतीत ‘हजारात एक’ हे प्रमाण लागू पडणार नाही. दोन, बहुतेकांना संसर्ग झाला पण जुलाब झालेच नाहीत, किंवा इतके किरकोळ झाले की मेडिकलमधून दोन गोळ्या आणून विषय संपला. आपल्याकडे हे अगदी रोजचं आहे. तीन, काही रुग्णांच्या मुळाशी नोरोव्हायरससारखं दुसरं काही असेल. आणि चार, मोजल्या गेलेल्या रुग्णांतले काही नेहमीचे, साथीशी संबंध नसलेले असतील.

दुसरी शक्यता तपासायची तर घरोघरी जाऊन विचारावं लागतं आणि त्या भागातल्या निरोगी लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं शोधावी लागतात. पहिली तपासायला जिवंत जिवाणू हाती असावा लागतो. पीसीआरने ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढं कळतं. वंश कुठला, कोंबडीतला आणि माणसातला एकच का, हे सांगायला जिवाणू प्लेटवर वाढलेला असेल तर बरंच सोपं जातं. घोडं पेंड खातं ते इथेच, पण त्याआधी पाण्याकडे वळायला हवं.

विहीर

नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्या वर्षी एकूण २३ गावं घेतली गेली, त्याआधी २०१७ मध्ये ११. कागदावर गाव एका दिवसात शहर होतं. नळाचं पाणी तसं होत नाही. या पट्ट्यात खडकवासला धरणातलं पाणी नांदेड गावातल्या विहिरीत आणून, शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, फक्त क्लोरीन मिसळून पुढे दिलं जात होतं.

यात अडचण काय ते सांगते. क्लोरीन काही फक्त जंतूंशी भांडत नाही. पाण्यातला गाळ, शेवाळ, कुजलेला पाला, अमोनिया, जे समोर येईल त्याच्यावर ते खर्च होतं. गाळून निवळलेल्या पाण्यात थोडं क्लोरीन पुरतं. कच्च्या पाण्यात तेवढंच टाकलं तर विहिरीतच संपतं आणि नळाला येतं ते नुसतं स्वच्छ दिसणारं पाणी. त्यात टीसीएलचं, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या ब्लीचिंग पावडरीचं, पोतं उघडं राहिलं, ओल लागली, तर पावडरीतला जोरही उतरतो. मोजून टाकलेली पावडर मग मोजल्याएवढी राहत नाही.

ग्रामपंचायतीच्या काळात गावाला एक जलसुरक्षक असतो. त्याने टीसीएल टाकायची, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणारी ओटी टेस्ट करायची, वहीत लिहायचं. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. यंत्रणा ढिली असेल, पण ती वही असते. गाव पालिकेत गेलं की ती वही कोण लिहितं? साथरोगाच्या तपासात मला हा प्रश्न जिवाणूच्या नावाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्या एका वहीत ‘गेल्या तीन महिन्यांत क्लोरीन किती होतं’ याचं उत्तर असतं, आणि आजच्या नळाला ते उत्तर देता येत नाही.

साथ ओसरल्यावर आमच्या विभागातल्या निवासी डॉक्टरांना घेऊन मी त्या बाजूच्या काही सोसायट्यांत ओटी टेस्टचा सराव करायला गेले होते. पद्धत साधी आहे. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, काचेची नळी खुणेपर्यंत भरायची, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग लगेच उमटला तर मोकळं क्लोरीन आहे. रंग कार्डाशी जुळवून आकडा वाचायचा. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. एका इमारतीत पालिकेच्या जोडणीवर फिकट पिवळा रंग आला. जमिनीखालच्या टाकीत त्याहून फिका. वरच्या टाकीतून चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात येईपर्यंत नळीतलं पाणी रंगहीन. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “बघ बाळ, किती नितळ पाणी आहे आमच्याकडे!” माझ्या विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सांग त्यांना.” तिने खाली बसून, नळी हातात धरून, रंग यायला हवा होता म्हणजे काय ते समजावलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि थेट सोसायटीच्या अध्यक्षांना फोन लावला, टाकी शेवटची कधी धुतली ते विचारायला.

कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीनला फार लवकर बळी पडतो. उकळीपुढे तर टिकतच नाही. म्हणून या जिवाणूच्या बाबतीत ०.२ हा आकडा मोठी साक्ष ठरतो. तो सलग टिकलेला असेल तर पाण्यावरचा संशय बराचसा फिटतो, आणि तो शून्यावर आलेला असेल तर पाणी संशयित म्हणून वर सरकतं. २०११ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या सोनोरा-ॲरिझोना भागात जीबीएसचे २६ रुग्ण एकत्र सापडले. तिथेही कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नीट निर्जंतुक न झालेलं नळाचं पाणी अशीच जोडी होती.

जारच्या पाण्याबद्दल दोन शब्द. आरओ लावलेल्या खासगी प्रकल्पांवर साथीच्या काळात कारवाई झाली तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. पण आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो. नंतर जार, झाकण, हात यांपैकी काहीही अस्वच्छ असेल तर त्या पाण्याला वाचवायला काही उरलेलं नसतं.

चिकन की पाणी?

त्या दिवसांत शहरात हाच वाद चालला होता. कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहतो, त्यांना आजारी न पाडता. कोंबडीच्या शरीराचं तापमान माणसाहून जास्त, ४१-४२ अंश, आणि याला तेच मानवतं. त्यामुळे चिकनवर संशय जाणं स्वाभाविक होतं. धरणाच्या परिसरातल्या पोल्ट्र्यांचीही चर्चा झाली. पण ‘हे की ते’ अशी मांडणीच मला पटत नाही. कोंबडीची विष्ठा पाण्यात जाऊ शकते, तेच पाणी घरात येऊ शकतं. कच्चं चिकन कापलेल्या सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरला जाऊ शकतो, आणि हे दोन्ही एकाच घरात घडू शकतं. थोडे जिवाणूही पुरतात. दुधातून घेतलेल्या सुमारे ५०० जिवाणूंनी आजार झाल्याची नोंद प्रयोगात आहे.

कुठल्या वाटेचा वाटा किती, हे काढायचं तर रुग्ण आणि निरोगी यांची तुलना करावी लागते. इथे एक सापळा आहे आणि हुशार विद्यार्थीही त्यात अडकतात. रुग्ण ज्या इमारतीतला, त्याच इमारतीतला शेजारी तुलनेला घ्यायचा, म्हणजे वय, उत्पन्न, राहणीमान सारखं राहतं, असं त्यांना वाटतं. पण मग पाणीही सारखंच राहतं! दोघेही त्याच टाकीचं पाणी पितात, म्हणून तक्त्यात पाण्याचा परिणाम शून्य दिसतो आणि फरक उरतो फक्त जेवणातला. अशा अभ्यासातून ‘चिकनच दोषी’ हा निष्कर्ष आपोआप निघेल आणि तो चुकीचा असेल. तुलनेची माणसं वेगळ्या जलवाहिनीवरची, वेगळ्या टाकीवरची हवीत. त्यासाठी आधी पाणीपुरवठ्याचा नकाशा हवा: कुठली वाहिनी कुठल्या गल्लीत जाते, वाराने पाणी कुठे येतं, टँकर कुठे जातो. पाणी वाराने येत असेल तर मधल्या वेळात वाहिनी रिकामी होते आणि शेजारच्या गटाराचं पाणी फटींतून आत ओढलं जातं. हा नकाशा रुग्णालयात मिळत नाही. तो पाणीपुरवठा विभागातल्या व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो.

शिवाय आठवणीचा प्रश्न. पोट बिघडल्यापासून कमजोरी येईपर्यंत एक ते तीन आठवडे जातात. त्याही आधी तुम्ही काय खाल्लं, हे आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बायकोला विचारायचं. वर्तमानपत्रात चिकन वाचलेलं असेल तर तिला चिकनच आठवणार.

काळी प्लेट

आता तो जिवंत जिवाणू. कॅम्पिलोबॅक्टर वाढवायला हट्टी आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. याला हवा साधारण ५ टक्के, जोडीला १० टक्के कार्बन डायऑक्साइड. तापमान ४२ अंश. माध्यमात कोळशाची पूड असते म्हणून प्लेट काळी दिसते, आणि आतड्यातल्या बाकीच्या गर्दीला रोखायला प्रतिजैविकं घालावी लागतात. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर राखाडी, ओलसर, रेषेच्या कडेने पसरलेल्या वसाहती दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली उडत्या पाखराच्या पंखांसारखे वाकडे जिवाणू. ज्याने हे कधी पाहिलेलं नाही, तो पहिल्यांदा पाहताना हमखास चुकवतो. आपल्याकडे जुलाबाच्या नमुन्यात साल्मोनेला, शिगेला, कॉलरा बघितला जातो. कॅम्पिलोबॅक्टरसाठी वेगळी प्लेट रोज लावणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत.

साथीत नमुना येतो तोवर रुग्णाला जुलाब होऊन दोन-तीन आठवडे गेलेले असतात. मधे त्याने सिप्रोफ्लॉक्सॅसिन नाहीतर ॲझिथ्रोमायसिन घेतलेलं असतं. नमुना उघड्या डब्यातून, ऑक्सिजन खात, शहरभर फिरून आलेला असतो. अशा नमुन्यातून जिवाणू वाढला नाही याचं नवल नाही. तिकडे विहिरीत, साथीची चाहूल लागताच, भरपूर टीसीएल ओतलेलं असतं. आणि ते ओतायलाच हवं होतं. लोकांचे पाय जाताहेत आणि आपण पुरावा जपत बसलो, असं कुणी करू नये. पण त्याची किंमत ही, की दुसऱ्या दिवशी घेतलेल्या पाण्यात काही सापडत नाही. पाण्यातला कॅम्पिलोबॅक्टर तसाही ताण आला की अशा अवस्थेत जातो की जिवंत असतो पण प्लेटवर वाढत नाही.

म्हणजे उपाय आणि पुरावा यांची दिशा एकमेकांविरुद्ध. यातून सुटका एकच: उपायाआधीचा नमुना कुणीतरी, काहीही घडलेलं नसताना, नियमाने घेऊन ठेवलेला असणं.

पुण्याला हा धडा जुना आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या हाताखालचे सोजीर घराघरांत घुसून सामान बाहेर फेकत होते, फरश्या उखडत होते. त्याच प्लेगने सावित्रीबाईंना नेलं. प्लेगचा जिवाणू तेव्हा अज्ञात नव्हता, तो १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. माहीत नव्हती ती त्याची वाट. उंदराच्या पिसवेतून तो माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवलं, आणि ते सगळ्यांनी मान्य करायला आणखी काही वर्षं गेली. जिवाणूचं नाव हाती असूनही शहरावर केलेले जुलूम वाया गेले. कॉलऱ्याचंही तेच. कॉखने कोलकात्यात १८८४ मध्ये जिवाणू वेगळा काढला, आणि तो मारतो कसा, त्याचं विष आतड्यात काय करतं, हे शंभुनाथ डे यांनी त्याच शहरात सशाच्या आतड्यावर दाखवलं ते १९५९ मध्ये. पाऊणशे वर्षांनी, आणि बेताच्या साधनांवर.

“मॅडम, व्हायरॉलॉजी घेऊ का?”

आजींना नळी दाखवणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने मला हे विचारलं. तिचं म्हणणं रास्त होतं. पुण्यात १९५२ पासून विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, कोविडनंतर त्या क्षेत्रात पैसा आहे, नाव आहे. जिवाणू म्हणजे मागच्या शतकातलं काहीतरी, टायफॉइड आणि क्षय, असं तिच्या बरोबरीचे म्हणत होते.

मी तिला हे क्षेत्र सोपं आहे असं सांगितलं नाही. या कामात पहिली काही वर्षं दाखवण्यासारखं काही हाती येत नाही. दर महिन्याला तेच नमुने, त्याच विहिरी, त्याच प्लेट. शोधनिबंध छोटा निघतो. अनुदान मागायला गेलं की विचारतात, ‘साथ कुठे आहे?’ पण वेल्लोरसह आठ देशांतल्या केंद्रांवर लहान मुलांच्या नमुन्यांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यातून कळलं की कॅम्पिलोबॅक्टर बाळांच्या आतड्यात किती सर्रास असतो आणि तो मुलांची उंची खुंटण्याशी कसा निगडित आहे. जुलाब नसलेल्या बाळांतही! हे एखाद्या साथीतून कधीच कळलं नसतं. महिनोन्‌महिने निरोगी मुलांचेही नमुने घेतले म्हणून कळलं.

आणि रुग्णाच्या बाजूने बघायचं तर जीबीएसचा उपचार किती जड आहे तेही मी तिला मांडून दाखवलं. इम्युनोग्लोब्युलिनचा नेहमीचा डोस किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. प्लाझ्मा बदलण्याचा पर्याय आहे, पण त्याला यंत्र आणि सवयीचे हात लागतात. इतकं करूनही सुमारे पाच टक्के रुग्ण दगावतात आणि साधारण पाचातल्या एकाला सहा महिन्यांनीही आधाराशिवाय चालता येत नाही. त्यातल्या एका माणसाच्या उपचाराच्या खर्चात एका गावाची ओटी टेस्ट कित्येक वर्षं चालेल. हा हिशेब मांडताना माझा आवाज चढतो, तसा तेव्हाही चढला होता.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण मॅडम, सुरुवात कुठून करायची? एवढं सगळं एका थिसिसमध्ये मावणार नाही.”

मावणार नाही, हे खरंच. आम्ही दोघींनी बसून ते लहान केलं. दोन जलवाहिन्या निवडल्या, एक प्रकल्पात शुद्ध झालेल्या पाण्याची, एक तशी नसलेली. प्रत्येकीवरची काही घरं, प्रत्येक घरात तीन ठिकाणी क्लोरीन: जोडणी, खालची टाकी, स्वयंपाकघर. त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे नमुने, जुलाब असो वा नसो, ताजे, काही तासांत काळ्या प्लेटवर जातील अशा बेताने. वाढलेला प्रत्येक जिवाणू उणे ८० अंशांना जपून ठेवायचा, उद्या कुणाला वंश लावायचा झाला तर तो मिळावा म्हणून. मोठ्यांच्या रक्ताचा भाग आम्ही काढून टाकला, तो पुढच्या कुणासाठी.

एथिक्स कमिटीने एकच मोठा बदल सांगितला. ज्या घरात क्लोरीन शून्य निघेल त्या घराला आणि पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी कळवायचं, अभ्यास संपायची वाट बघायची नाही. संशोधनाच्या दृष्टीने हे अडचणीचं आहे. कळवलं की लोक टाकी धुतात, पाणी उकळतात आणि आपण जे मोजायला निघालो तेच बदलतं. विद्यार्थिनीने विचारलं, मग तक्त्यात हे दाखवायचं कसं? आम्ही ठरवलं की कळवल्याची तारीख हा स्वतंत्र रकाना ठेवायचा आणि त्याआधीच्या व नंतरच्या नोंदी वेगळ्या मांडायच्या. पहिली फेरी मे महिन्यात आहे. धरणातलं पाणी पावसाने गढूळ होण्याआधीची पातळी त्यामुळे हाती येईल, आणि जुलैची फेरी तिच्याशी ताडून पाहता येईल.